निवडणुकीतल्या खोट्या क्लिपवर आम्ही शॉर्टफिल्म केली, शेवटावरून वाडीत एकमत होत नाहीये

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि लांबणार आहे. आमच्या वाडीतल्या आठ-नऊ जणांनी मिळून एक शॉर्टफिल्म केलीय, १८ मिनिटांची. देवगड ते आचरा या पट्ट्यात पावसाच्या आधी शूट केली, दोन मोबाइल आणि लग्नाची शूटिंग घेणाऱ्या एका मुलाचा कॅमेरा, एवढ्यावर. विषय निवडणुकीतल्या खोट्या क्लिपांचा. गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर लावून दाखवली, ऐंशी-नव्वद माणसं आली होती, आणि संपल्यावर शेवटावरून जो वाद झाला तो अजून चालूच आहे म्हणून इथे विचारतेय.

गोष्ट थोडक्यात सांगते. ग्रामपंचायतीची निवडणूक, सरपंच थेट लोकांतून निवडायचा. वाडीतली निम्मी मतं मुंबईला. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईजवळच्या दिव्याहून चाकरमान्यांची बस सुटणार, आणि त्याच संध्याकाळी वाडीच्या ग्रुपवर ४० सेकंदांची एक व्हॉइस क्लिप येते. आवाज ग्रामसेवकांसारखा. मुंबईला राहणाऱ्यांची नावे यादीतून वगळण्यात आली आहेत, तरी मतदानासाठी येण्याची तसदी घेऊ नये. बस रद्द होते. दुसऱ्या दिवशी केंद्रावर यादी बघतात तर सगळी नावं जिथल्या तिथे.

ही क्लिप ग्रुपवर टाकणारा माणूस वाईट नाही, हे आम्ही मुद्दाम ठेवलं. तो निवृत्त गुरुजी आहे, अर्ध्या वाडीला त्याने शिकवलंय, पोरांचा खर्च नि खाडा वाचावा म्हणून काळजीने पुढे पाठवतो. शेवटच्या सीनमध्ये तो ओटीवर बसून फोनवर टाईप करतो, "मी पाठवलं ते खोटं होतं", मग खोडतो, परत टाईप करतो, परत खोडतो. तिथेच फिल्म संपते.

निम्मी माणसं म्हणाली बरोबर आहे, असंच होतं. निम्मी म्हणाली की त्याने पाठवायला हवं होतं, तुम्ही गुरुजींना भित्रा करून ठेवलात. लिंक देतेय, बघा नि सांगा, तुम्हाला काय वाटतं?

दिवा पूर्व:
ताई, मी तुमच्या त्या बसमधलाच माणूस आहे असं समजा. गाव मालवण तालुक्यात, २२ वर्षं दिव्याला. मतदानाला जायचं म्हणजे काय असतं ते सांगतो. दोन दिवसांचा खाडा, पोरांची शाळा बुडते, बायकोच्या ड्युटीची अदलाबदल, आणि एवढं करून रात्रभर बसमध्ये पाठ मोडत जायचं. मनात कुठेतरी आधीच असतं की कोणी नको जाऊ म्हणालं तर बरं होईल. त्यामुळे येऊ नका असं सांगणारी क्लिप आली की ती लगेच पटते. ती खोटी असेल असा विचार करायला त्या वेळी जीवच नसतो.

दुसरं म्हणजे आमच्यासाठी गाव म्हणजे आता तो ग्रुपच आहे हो. कोण आजारी, कोणाच्या घरावर माड पडला, पालखी कधी निघणार, सगळं तिथेच कळतं. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ ला, घरी फोन लागत नव्हते तेव्हा कोणाच्यातरी एका फोनला रेंज आली नि त्याने सगळ्यांची खबर टाकली, ती वाचून मी रडलोय. त्याच ग्रुपवर गुरुजी खोटं टाकतील असं कोणाला वाटेल?

शेवटाबद्दल म्हणाल तर मला गुरुजींनी पाठवलेलं बघायचंय. मी बसमधून उतरलेला माणूस आहे, मला कोणीतरी सांगायला हवं ना.

केंद्राध्यक्ष:
मी प्राथमिक शिक्षक, निवडणुकीच्या ड्युट्या भरपूर केल्यात, लोकसभा विधानसभा ग्रामपंचायत सगळ्या. फिल्मची लिंक बघितली. फार मनापासून केलीय. पण एक चूक दुरुस्त करा. मतदान केंद्राच्या सीनमध्ये तुम्ही मशीनशेजारी व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, ठेवलंय आणि चिठ्ठी सात सेकंद दिसते असं ती मुलगी आजीला सांगते. ते लोकसभा-विधानसभेला. आपल्याकडे ग्रामपंचायतीला व्हीव्हीपॅट नसतं. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतं, केंद्राचा भारत निवडणूक आयोग नाही, यंत्रणा वेगळी आहे. शिवाय ग्रामपंचायतीत एका मतदाराला प्रभागाच्या जागांनुसार एकापेक्षा जास्त मतं नि सरपंचाचं वेगळं मत असतं, तुमची आजी एकच बटण दाबून बाहेर येते. खोट्या माहितीवरच्या फिल्ममध्ये अशी चूक राहिली तर बघणारा म्हणेल यांनाच माहीत नाही.

आता माझा अनुभव. २०१९ च्या लोकसभेला एक मेसेज इतका फिरला होता की दुपारपर्यंत सहा-सात जण माझ्या टेबलाशी येऊन भांडले. मेसेज असा होता की यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा नि मत द्या. तुमच्या नावाने दुसऱ्याने मत दिलं असेल तर टेंडर व्होट मागा, आणि केंद्रावर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट झाले की फेरमतदान होतं.

खरं काय ते सांगतो. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट. चॅलेंज व्होट हा मतदाराचा हक्कच नाही. उमेदवाराच्या एजंटला समोर आलेला माणूस तोतया वाटला तर तो दोन रुपये भरून हरकत घेतो आणि आम्ही चौकशी करतो, तो नियम ४९ जे. टेंडर व्होट मात्र खराच आहे, नियम ४९ पी, तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते. १४ टक्क्यांचं मात्र कुठेच काही नाही. आणि ४९ अ मध्ये मतदान यंत्राची रचना कशी असावी एवढंच आहे.

बघा, चारातली एक गोष्ट खरी आणि कलमाचा आकडा पण खऱ्याच्या शेजारचा. म्हणून शिकलेली माणसं फसली. भांडायला आलेल्यांत एक बँकेतून रिटायर झालेले होते, त्यांनी तो मेसेज प्रिंट काढून आणला होता.

वेंगुर्ल्याची आबोली:
मला फिल्म आवडली पण मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. १८ मिनिटांत तुम्ही सगळा भार गुरुजींवर टाकलात. ती क्लिप बनवली कोणी? ज्याला त्या बसमधली मतं नको होती तो कोणीतरी आहे ना! त्याने ठरवून, आवाज बनवून, बरोबर बस सुटायच्या दोन तास आधी सोडली. तो तुमच्या फिल्ममध्ये एका फ्रेममध्ये पण नाही. भोळ्या म्हाताऱ्याला गुन्हेगारासारखं ओटीवर बसवायचं आणि खरा माणूस गायब, हे मला पटत नाही.

भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे, खोटी माहिती नि अफवा पसरवून लोकांत भीती-तेढ निर्माण करण्याबद्दल, त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यम स्पष्ट लिहिलंय. निवडणुकीत उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान केलं तर कलम १७५ वेगळं. पण तुमच्या फिल्ममधल्या क्लिपने ना कोणाचं चारित्र्य बदनाम केलं ना कोणाला भडकवलं. फक्त म्हटलं येऊ नका. हे असं गप्प बसवणारं खोटं पकडायला कठीण, यावर एखादा संवाद तरी हवा होता.

खाडीकाठ:
@केंद्राध्यक्ष काका, मनापासून आभार. व्हीव्हीपॅटचा सीन काढतोय, आजीला पण परत बोलावलंय.

@आबोली, राग कसला. आम्ही यावर तीन रात्री भांडलो होतो. एका ड्राफ्टमध्ये क्लिप बनवणारा होता, कणकवलीच्या एका खोलीत लॅपटॉपवर बसलेला वगैरे. शूट पण केलं. पण बघणारे लगेच म्हणायला लागले हा अमक्या पार्टीचा, तो तमक्याचा, आणि उरलेली फिल्म कोणी बघेचना. म्हणून काढला. तुमचं म्हणणं खरं आहे हे मात्र मान्य, त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

गुरुजींचं काम करणारे आमचे काका दशावतारात चाळीस वर्षं काम करतात. दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे तुम्हाला माहीतच आहे, कथा ठरलेली नि बोलणं उभ्या उभ्या सुचेल तसं. त्यामुळे प्रत्येक टेकला त्यांचे शब्द वेगळे, आमचा कॅमेरावाला वैतागला होता. पण त्यांनीच एक गोष्ट सांगितली जी आम्ही फिल्ममध्ये घेतली. म्हणाले, आमच्या नाटकात देव नि राजे शुद्ध मराठी बोलतात आणि संकासुर राक्षस मालवणी बोलतो, आणि लोकांना संकासुर आपला वाटतो. तुमची खोटी क्लिप मात्र शुद्ध मराठीत आहे, आपला ग्रामसेवक असा बोलतो काय कधी? म्हणून फिल्ममध्ये ती मुलगी क्लिप पकडते ती भाषेवरून. "वगळण्यात आली आहेत" हे आमच्या ग्रामसेवकांच्या तोंडून कोणी ऐकलेलंच नाही, ते म्हणाले असते "नावां कापली हत, येव नकात".

मिऱ्या बंदर:
मी एडिटिंग करतो, रत्नागिरी. भाषेवरून पकडण्याची आयडिया फार सुंदर आहे पण तिच्यावर फार विसंबू नका. आता आवाजाची नक्कल करायला थोडंसं रेकॉर्डिंग पुरतं, आणि उद्या मशीन मालवणी पण बोलेल. फोटो असेल तर उलटा सर्च करून जुना फोटो शोधता येतो, व्हिडिओची एखादी फ्रेम काढून बघता येतं. आवाजाच्या क्लिपला तसं सोपं काही नाही. त्याला एकच उपाय, ज्याचा आवाज आहे त्याला फोन करायचा. तुमच्या फिल्ममध्ये ४० सेकंदांच्या क्लिपवर बस रद्द होते पण ग्रामसेवकांना फोन कोणीच लावत नाही. हे बरोबर टिपलंय.

अजून एक, तुम्ही क्लिपवर ते दोन बाणांचं, बऱ्याच वेळा फॉरवर्ड झाल्याचं लेबल दाखवलंय नि मुलगी म्हणते हे असेल तर सावध व्हा. ठीक आहे. पण एका फोनवर क्लिप वाजवून दुसऱ्या फोनमध्ये रेकॉर्ड केली किंवा डाउनलोड करून नव्याने टाकली की लेबल जातं. लेबल नाही म्हणजे खरं, असं कोणाला वाटायला नको.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. तुमची खोटी क्लिप फिल्ममध्ये अख्खी ४० सेकंद स्वच्छ ऐकू येते. मागे म्युझिक नाही, दुसरा आवाज नाही. मला भीती वाटली ऐकताना. २०१८ ला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या आठवतं? त्यातला एक व्हिडिओ, मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात तो, कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कोणीतरी शेवट कापला. जागृतीसाठी बनवलेली फिल्म, शेवट कापल्यावर अफवा झाली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडून भिक्षेला आलेली, जमावाने मारली. मुलं पळवणारे समजून. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा आणली.

तुमची फिल्म लिंकवर उघडी आहे ताई. ती ४० सेकंद कापायला कोणालाही एक मिनिट लागेल. आजच काहीतरी करा.

दिवा पूर्व:
राईनपाड्याचं वाचून अजून अंगावर काटा येतो. पोटासाठी फिरणारी माणसं होती.

@आबोली ताई, मालवण तालुक्यातल्यांना ती नावं कापल्याची अफवा का चिकटते ते सांगतो, कोणी उघड बोलत नाही म्हणून. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं नाव दोन्हीकडे आहे, गावाला नि इथे. मुद्दाम नाही, इथे कोणीतरी फॉर्म भरून घेतला, तिथलं कमी करायचं राहिलं. मनात धाकधूक असतेच. मग नावं कापली म्हटलं की वाटतं, हां, कापली असतील.

केंद्राध्यक्ष:
@दिवा पूर्व, मोकळेपणाने बोललात ते बरं केलंत. कायद्याने एकाच ठिकाणी नाव हवं, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १७ नि १८ त्यासाठीच आहेत, आणि फॉर्ममध्ये जाणूनबुजून खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. तुम्ही जिथे राहता तिथलं ठेवा, दुसरीकडचं फॉर्म ७ भरून कमी करा, धाकधूक संपेल.

पण नावं अशी एका संध्याकाळी घाऊक कापली जात नाहीत. वगळण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीवरून प्रभागनिहाय फोडतात, प्रारूप लावतात, हरकती मागवतात, मग अंतिम होते. विधानसभेच्या यादीतलं नाव आयोगाच्या वेबसाइटवर मतदार कार्डाच्या नंबरवरून दिसतं, १९५० या हेल्पलाइन नंबरला फोन करता येतो. हे सगळं बसमध्ये चढायच्या आधी दोन मिनिटांत होतं.

खाडीकाठ:
मिऱ्या बंदर दादा, तुम्ही लिहिलंत ते मी रात्री वाचलं आणि लगेच लिंक बंद केली. उशीर झाला होता.

आज सकाळी मामाचा फोन आला, ठाण्याहून. शेजारच्या गावात निवडणूक लागलीय, तिथे मामीचं माहेर. तिच्या माहेरच्या ग्रुपवर आमचीच क्लिप, तीच ४० सेकंद, फिल्मचं नाव नाही, काही नाही. मामीच्या भावाने तिकिटं रद्द पण केली होती. मामा म्हणाला अगो तुझ्या पिक्चरमध्ये होतं तसंच खरं झालं बघ. त्याला वाटलं मला कौतुक वाटेल. मी अर्धा तास न्हाणीघरात जाऊन बसले.

कोणी कापली माहीत नाही. सभामंडपात पण बऱ्याच जणांचे फोन वर होते. ज्याने फिल्ममध्ये ग्रामसेवकांचा आवाज काढला तो आमचा मित्र घाबरलाय, त्याच्या आईने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. काय करू सांगा. ग्रुप ॲडमिन म्हणतोय मला अटक होईल, मी ग्रुपच बंद करतो.

वेंगुर्ल्याची आबोली:
आधी पाणी पी. मग ऐक. ॲडमिनला सांग ग्रुप बंद करू नकोस, तोच एक रस्ता आहे सगळ्यांपर्यंत पोचायचा. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. तो स्वतः त्यात सामील नसेल तर घाबरायचं कारण नाही. तू स्वतः तहसील कार्यालयात जा, अख्खी फिल्म पेनड्राइव्हवर घेऊन, लेखी दे की ही क्लिप आमच्या फिल्ममधली आहे, पोच घे. त्यांनी तुला शोधत येण्याआधी तू गेलेली बरी. त्या मित्राला पण सोबत ने.

आणि मी परवा गुरुजींबद्दल लिहिलं होतं ते विसर. आज तुलाच ते ओटीवर बसून लिहायचंय.

मिऱ्या बंदर:
लिहिताना ती क्लिप परत चिकटवू नका, लोक वरचं न वाचता क्लिपच ऐकतात नि तीच पुढे जाते. "ही क्लिप खोटी आहे" अशी सुरुवातही नको. पहिल्या ओळीत खरं काय ते. मुंबईकरांची नावं यादीत आहेत, मतदानाला या. मग खाली, ती क्लिप आमच्या फिल्ममधली आहे, मी बनवली, अमकी मी, हा माझा नंबर, शंका असेल तर मला फोन करा. शेवटी परत नावं यादीत आहेत. लांब लिहू नका. आणि जमेल तर तुमच्या आवाजात पाठवा, गावच्या बोलीत. क्लिप आवाजाची होती, लोकांना आवाजच आठवणार आहे.

केंद्राध्यक्ष:
त्या गावची अंतिम यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलेली असते. मामीच्या भावाच्या घरच्यांची नावं ज्या पानावर आहेत ते बघा, अनुक्रमांक त्यांना फोनवर सांगा. यादीचं पान ग्रुपवर टाकू नका, त्यात सगळ्यांची माहिती असते.

खाडीकाठ:
झालं. सांगते.

तहसीलला गेलो, अर्ज दिला, पोच मिळाली. मग संध्याकाळी चार वेळा आवाज रेकॉर्ड केला नि खोडला. फिल्ममध्ये गुरुजींचा तो सीन मीच लिहिला होता, खोडायला किती वेळ लागतो वगैरे अंदाजाने, आणि प्रत्यक्षात अंगठा तिथे ठेवून बसल्यावर कळलं की लाज वाटते ती खोटं पसरल्याची नाही. उद्या मच्छी आणायला, देवळात जायचंय, तीच माणसं भेटणार, त्याची वाटते.

पाचव्यांदा आमचे दशावतारी काका शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तू बोल, मी हय बसलंय." मी बोलले. "नावां यादीत हत. येवा. ती क्लिप माझ्या पिक्चरातली हा, मी केलेली." असं वीस-पंचवीस सेकंद. मामीने ते माहेरच्या ग्रुपवर टाकलं.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मामी सांगत होती की बऱ्याच जणांनी ऐकलेलं दिसतंय, पण कोणी एक अक्षर लिहीना. मग दिव्याहूनच कोणाचातरी मेसेज आला, "मगे बस किती वाजता सुटता?"

तिकिटं परत काढली त्यांनी. सगळ्यांनी नाही, दोन घरं नाही आली, त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचला नाही की पटला नाही ते मला माहीत नाही.

दिवा पूर्व:
ताई, तो मेसेज वाचून बरं वाटलं. पण ती दोन घरं पण फिल्ममध्ये ठेवा.

खाडीकाठ:
ठेवतोय. पुढच्या आठवड्यात परत शूट आहे. शेवट बदलला, गुरुजी पाठवतात, मग दहा मिनिटांची ती शांतता, अर्थात फिल्ममध्ये अर्धा मिनिट, ओटीवर नुसता फोन, मागे समुद्राचा आवाज, आणि मग बसचा प्रश्न. बस येते तेव्हा दोन सीट रिकाम्या. क्लिप बनवणारा अजून नाहीये @आबोली, पण बसच्या सीनमध्ये मुलगी एकदा विचारते, "ह्या कोणी केल्यान?" आणि कोणी उत्तर देत नाही.

मिऱ्या बंदर:
आणि ती ४० सेकंद?

खाडीकाठ:
ती आता स्वच्छ कुठेच ऐकू येणार नाही. काकी कोलंबी सोलत बसलीय, क्लिप वाजते तेव्हा ती मध्येच नवऱ्याला हाका मारते, बाहेरून एसटीचा हॉर्न, पोर रडतं. वाक्य तुटत तुटत ऐकू येतं, बाकीचं ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. सलग पाच सेकंद कापून घेता येतील असं काही ठेवलं नाहीये. काल तालमीत काकीने इतक्या जोरात हाक मारली की खरंच तिचा नवरा धावत आला, तेच ठेवणार आहोत. शूट झालं की आधी तुम्हाला पाठवते दादा, कान लावून ऐका आणि कुठे कापता येतंय का सांगा.